शीतजलातील शोभेचे मासे : आयात, निर्बंध आणि रोगप्रतिबंध

शोभेच्या माशांचा व्यापार करणारे लोक माशांचे दोन ढोबळ वर्ग मानतात : उष्णजलातील आणि शीतजलातील. ही विभागणी मूळची युरोपातील आहे. ज्या माशांच्या काचपेटीतील पाणी तेथील हिवाळ्यात विजेच्या साहाय्याने तापवावे लागते ते उष्णजलातील, व ज्यांच्यासाठी तसे करावे लागत नाही ते शीतजलातील. सोनेरी मासा, म्हणजे बाजारात ज्याला गोल्डफिश म्हणतात तो, आणि रंगीबेरंगी कोई हे दुसऱ्या वर्गातील प्रमुख मासे होत. वाराणसीसारख्या नगरात ही विभागणी जशीच्या तशी लागू पडत नाही. येथे मे-जून महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर चढतो आणि जानेवारीतील काही रात्री तो १० अंशांखाली उतरतो. तोच सोनेरी मासा येथे वर्षाचे काही महिने उष्ण पाण्यात काढतो आणि काही महिने थंड पाण्यात. हा तपशील किरकोळ वाटेल. परंतु रोगप्रतिबंधाचा बराचसा प्रश्न शेवटी याच तपशिलापाशी येऊन ठेपतो, म्हणून तो आरंभीच सांगून ठेवणे बरे.

सोनेरी मासा हा माणसाळलेला प्राणी आहे. चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वी, सुंग राजवटीच्या काळात, करड्या रंगाच्या एका साध्या माशातून निवडपद्धतीने त्याची पैदास सुरू झाली. कोई त्यामानाने अर्वाचीन. जपानमधील नीगाता प्रांतातील शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात सायप्रिनस या खाण्याच्या माशातून तो घडवला. हे दोन्ही मासे कार्प कुळातील आहेत. आपल्या नद्यांमधील रोहू, कटला आणि मृगळ हेही त्याच कुळातील. दिवाणखान्यातील शोभेचा मासा आणि कोळ्याच्या जाळ्यातील पोटापाण्याचा मासा यांच्यात असे नात्याचे संबंध आहेत, आणि नात्यातील माणसांप्रमाणे ते एकमेकांचे आजारही कधीकधी वाटून घेतात.

काचपेटीत मासे पाळण्याचा छंद आपल्याकडे फार जुना नाही. मुंबईच्या चौपाटीलगत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेव्हा असंख्य मराठी कुटुंबांनी काचेमागे पोहणारा मासा प्रथमच पाहिला असेल. पुढे कोलकाता आणि चेन्नई ही शोभेच्या माशांच्या पैदाशीची व व्यापाराची मोठी केंद्रे झाली. गंगेच्या मैदानातील शहरांना होणारा पुरवठा मुख्यतः कोलकात्याहून होतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू भरून, माशांना आधी एक-दोन दिवस उपाशी ठेवून, त्या पिशव्या खोक्यांत बसवून रेल्वेने पाठवतात. उपाशी ठेवण्याचे कारण इतकेच की पोट रिकामे असले म्हणजे पिशवीतील पाणी विष्ठेने व अमोनियाने लवकर दूषित होत नाही. तरीही रात्रभराच्या प्रवासानंतर मासा थकलेला असतो, त्याच्या अंगावरील बुळबुळीत आवरण जागोजागी घासून गेलेले असते, आणि हीच वेळ रोगजंतूंना सोयीची असते.

त्या माशाचे आईबाप बंगालमध्ये वाढले असतील, पण आजोबा थायलंड, सिंगापूर किंवा चीनमधून आलेले असण्याचा पुष्कळ संभव असतो. म्हणून आयातीचा प्रश्न केवळ बंदरांचा व विमानतळांचा नाही. वाराणसीत परदेशी विमानातून एकही मासा उतरला नाही तरी तो प्रश्न वाराणसीचा राहतोच.

परदेशातील काही उदाहरणे

माशांच्या व्यापाराबरोबर रोग कसे प्रवास करतात हे समजण्यासाठी तीन घटना पुरेशा आहेत.

१९७४ साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात सोनेरी माशांच्या एका पैदास केंद्रात माशांच्या अंगावर खोल व्रण दिसू लागले. कारण एक जीवाणू होता, आणि तो जपानहून आणलेल्या सोनेरी माशांबरोबर आला असावा असा निष्कर्ष निघाला. हा जीवाणू ज्या गटातील आहे तो गट ट्राउट आणि सॅमन या मौल्यवान माशांनाही घातक ठरू शकतो. त्यामुळे ऑस्ट्रेलियाने या प्रकरणाकडे शोभेच्या वस्तूंचे प्रकरण म्हणून पाहिले नाही. आयात केलेल्या सोनेरी माशांना तेथे बराच काळ तीन आठवडे विलग ठेवावे लागे, इतर अनेक जातींना त्याहून कमी. स्वस्त माशाला अधिक कडक नियम, हे ऐकायला विचित्र वाटते. पण नियम माशाच्या किमतीवर ठरवायचा नसतो, तो आपल्याबरोबर काय आणू शकतो त्यावर ठरवायचा असतो.

दुसरी घटना इंडोनेशियातील. १९९८ साली इस्राएल व अमेरिकेत कोई आणि सायप्रिनस यांच्यात एका नव्या विषाणूची साथ आढळली होती. कल्ले सडत, डोळे खोल जात आणि थोड्या दिवसांत हौदच्या हौद रिकामे होत. २००२ साली हा रोग पूर्व जावामध्ये पोहोचला. तो बाहेरून आयात केलेल्या कोई माशांबरोबर आला असे आढळले. काही आठवड्यांत तो पश्चिम जावातील सायप्रिनसच्या शेतीत शिरला. ज्यांनी कोई मासा कधी हौसेने पाळला नव्हता, ज्यांचा चरितार्थ जलाशयांत तरंगत्या पिंजऱ्यांतून खाण्याचे मासे वाढवण्यावर चालत होता, त्यांना श्रीमंतांच्या छंदाची किंमत मोजावी लागली. पुढच्याच वर्षी, म्हणजे २००३ च्या शरद ऋतूत, जपानमधील कासुमिगाउरा सरोवरात याच विषाणूने हजार टनांहून अधिक सायप्रिनस मारले. कोईच्या मायदेशालाही त्यापासून संरक्षण मिळाले नाही.

तिसरे उदाहरण ब्रिटनचे, व ते थोडे दिलासा देणारे आहे. कार्प माशांना वसंत ऋतूत होणारा एक विषाणुजन्य रोग १९७१ साली तत्कालीन युगोस्लाव्हियातील संशोधकांनी ओळखला. हा रोग ब्रिटनमध्ये १९७० नंतरच्या दशकात पोहोचला. ब्रिटनमध्ये माशांच्या रोगांविषयीचा कायदा १९३७ पासून होता. १९८० व १९८३ साली त्यात नव्या कायद्यांची भर पडली. आयातीवरील नियंत्रण, रोगी तळ्यांतील माशांच्या हालचालीस बंदी आणि नियमित तपासणी या मार्गांनी, वाटेत अनेक अपयशे पचवून, २०१० साली तो देश या रोगापासून मुक्त असल्याचे मान्य झाले. अमेरिकेत हाच रोग २००२ साली कोईच्या एका पैदास केंद्रात निघाला, आणि २००६ साली सोनेरी मासा, कोई व त्यांच्या काही भाऊबंदांच्या आयातीवर तेथे आरोग्य प्रमाणपत्राचे बंधन आले. सोनेरी माशाच्या एका पिशवीसाठी सरकारी प्रमाणपत्र मागणे ही नोकरशाहीची लहर नव्हे, हे या इतिहासावरून ध्यानात यावे.

आपला अनुभव

परदेशी मासे आणण्याचा आपल्या देशाचा इतिहास बराच मोठा आहे, आणि त्यातील बहुतेक मासे चांगल्या हेतूने आणले गेले. डास खाण्यासाठी गॅम्बुसिया १९२८ साली आला. सायप्रिनस १९३९ साली श्रीलंकेहून निलगिरीत आणि त्याचा दुसरा वाण १९५७ साली बँकॉकहून कटकला आला. तिलापिया १९५२ साली, चंदेरा व गवत्या १९५९ साली. त्या काळी अन्नटंचाई होती आणि तळ्यातून अधिक मासळी काढणे हे राष्ट्रीय कर्तव्य मानले जात होते. आज मागे वळून त्या लोकांना दोष देणे सोपे आहे. पण १९७१ च्या पुरात हिमाचल प्रदेशातील एका मत्स्यबीज केंद्रातून काही चंदेरे निसटून गोविंदसागर जलाशयात गेले आणि पुढील काळात त्यांनी तेथील कटल्याची जागा घेतली, हेही खरे आहे. गंगेत प्रयागराजपासून वाराणसीपर्यंत आज सायप्रिनस आणि तिलापिया जाळ्यात नित्य सापडतात. निषाद समाजातील वृद्ध मच्छीमारांना ज्या माशांची नावे पाठ होती त्यांपैकी अनेक मासे मात्र क्वचित दिसतात. याचे सारे खापर परदेशी माशांवर फोडता येणार नाही. धरणे, पाण्याचा उपसा आणि सांडपाणी यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

रोगाच्या बाबतीत सर्वांत कडू धडा १९८८ साली मिळाला. माशांच्या अंगावर प्रथम लाल डाग आणि मग हाडापर्यंत पोहोचणारे व्रण पाडणारा एक रोग जपानमध्ये १९७१ साली व ऑस्ट्रेलियात १९७२ साली दिसला होता. आग्नेय आशियातून तो १९८८ च्या आरंभी बांगलादेशात आला आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्रिपुरा, आसाम, मेघालय व पश्चिम बंगालमध्ये शिरला. दोन-तीन वर्षांत बिहार व उत्तर प्रदेशही त्याच्या तडाख्यात सापडले. मरळ, मांगूर, पुंटी यांसारखे गरिबांचे मासे सर्वाधिक मेले. लोकांनी भीतीने मासळी खाणे सोडले. त्यामुळे ज्यांचे मासे निरोगी होते त्यांचाही बाजार बसला. रोगाचे कारण पाण्यातील बुरशीसदृश सूक्ष्मजीव आहे, हे नंतर निश्चित झाले. तो पुराच्या पाण्याबरोबर किती पसरला आणि जिवंत माशांच्या ने-आणीबरोबर किती, याचा हिशेब आता कोणी मांडू शकणार नाही. परंतु शोभेच्या माशातूनही त्याची वाहतूक होऊ शकते, हे सिंगापूरहून जपानमध्ये गेलेल्या गुरामी माशांवरून पुढे दिसून आले. सोनेरी माशांचा स्वतःचा विषाणुजन्य रोग, जो १९९२ साली जपानमध्ये प्रथम आढळला, त्याची नोंद अलीकडच्या काळात पश्चिम बंगालमधील शोभेच्या माशांमध्येही झाली आहे. वाराणसीचा पुरवठा ज्या दिशेने येतो तीच ही दिशा.

कायद्याची चौकट

परदेशातून प्राणी आणण्याविषयीचा आपला मूळ कायदा १८९८ चा आहे. तो करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घोडे, गुरे आणि मेंढ्या होत्या. सोनेरी मासा त्यांच्या ध्यानीमनीही नसावा. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि आरोग्यविषयक आयात परवान्याची पद्धत दृढ झाली. आज शोभेचे मासे आणायचे तर केंद्र सरकारच्या मत्स्यव्यवसाय खात्याची संमती, निर्यात करणाऱ्या देशाच्या अधिकाऱ्याचे आरोग्य प्रमाणपत्र आणि आल्यावर विलगीकरण, असे टप्पे ओलांडावे लागतात. जे मासे संमत यादीत नाहीत त्यांच्या धोक्याचा आधी अभ्यास व्हावा लागतो. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यातही आक्रमक परदेशी जातींच्या आयातीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. लखनौ येथील राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो १९८३ साली स्थापन झाला. जलचरांच्या रोगांवर देशभर नजर ठेवण्याचा जो कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, त्याचे सूत्रसंचालन ही संस्था करते.

आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या १९९५ च्या कराराप्रमाणे कोणताही देश केवळ मनात आले म्हणून आयात रोखू शकत नाही. त्यामागे शास्त्रीय आधार दाखवावा लागतो. शिवाय जो रोग आपल्याकडे आधीच मोकाट आहे आणि ज्याला आवर घालण्याचा आपण प्रयत्नही करीत नाही, त्याच्या नावाने दुसऱ्याचा माल अडवता येत नाही. सीमेवरचा अधिकार टिकवायचा असेल तर तळ्यावरची देखरेख चोख ठेवावी लागते, असा याचा व्यावहारिक अर्थ आहे.

आणि कायदा असूनही मासे येतात. आफ्रिकी मांगूर, ज्याला लोक थाई मांगूर म्हणतात, तो बांगलादेशमार्गे चोरट्या वाटेने आला. त्याच्या पैदाशीस बंदी असूनही उत्तर प्रदेशातील तळ्यांमधून तो वेळोवेळी जप्त करून नष्ट करावा लागला आहे. माशाची अंडी व पिल्ले इतकी लहान असतात आणि जातींतील फरक इतका सूक्ष्म असतो की जकात नाक्यावरील शिपायाला तो ओळखता यावा ही अपेक्षाच अवास्तव आहे.

दिनदर्शिका आणि तापमापी

येथे आरंभीच्या तपशिलाकडे वळू. नवीन मासा काही दिवस वेगळा ठेवावा, एवढे बहुतेक शौकिनांना ठाऊक असते. मात्र ते दिवस कोणत्या तापमानात काढले जातात याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. मासा शीतरक्ताचा प्राणी आहे. पाण्याचे तापमान तेच त्याच्या शरीराचे तापमान. त्याच्या अंगातील विषाणूही त्या तापमानाचा गुलाम असतो. कोईचा घातक विषाणू साधारणपणे १८ ते २८ अंशांच्या दरम्यान रोग उत्पन्न करतो. ३० अंशांच्या वर तो दबून राहतो. सोनेरी माशाचा विषाणू १५ ते २५ अंशांच्या दरम्यान प्रबळ असतो. वसंत ऋतूतील कार्परोग १८ अंशांच्या खाली. व्रणरोगही आपल्याकडे पाणी थंड होऊ लागले की उसळतो.

आता वाराणसीतील एका दुकानदाराची कल्पना करा. मे महिन्यात माल आला, पाण्याचे तापमान ३२ अंश. त्याने प्रामाणिकपणे तीन आठवडे मासे वेगळे ठेवले. एकही मेला नाही. त्याने ते निरोगी समजून विकले. त्यांतील काहींच्या अंगात विषाणू सुप्त होता. कार्तिकात पाणी २३-२४ अंशांवर आले आणि ग्राहकाच्या पेटीतील, सहा महिने सुखाने नांदलेले जुने मासेही एकाएकी मरू लागले. ग्राहक पाण्याला दोष देतो, खाद्याला दोष देतो. सहा महिन्यांपूर्वीच्या खरेदीशी कोणी त्याचा संबंध जोडीत नाही. विलगीकरण झाले होते, पण ते दिनदर्शिकेने झाले होते, तापमापीने नव्हे. म्हणून उन्हाळ्यात आणलेल्या सोनेरी व कोई माशांचे विलगीकरण शक्य तर २२ ते २४ अंशांना थंड ठेवलेल्या खोलीत करावे. ते न जमल्यास हा माल ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्चमध्येच मागवावा. या महिन्यांत निसर्गच आपली प्रयोगशाळा चालवतो. संशयित माशांबरोबर एखादा स्वस्त, आधीपासून आपल्याकडे असलेला त्याच जातीचा मासा ठेवण्याची रीत कठोर वाटली तरी उपयुक्त आहे. सुप्त विषाणू असेल तर तो आधी या नव्या यजमानात प्रकट होतो.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात तापमानाचा खेळ उलट दिसतो. या परजीवीची एक अवस्था माशाच्या त्वचेखाली असते, एक तळाशी कोषात आणि एक पाण्यात मोकळी पोहणारी. औषध लागू पडते ते फक्त या तिसऱ्या अवस्थेला. २५ अंशांना हे चक्र थोड्या दिवसांत पुरे होते. जानेवारीतील गार पाण्यात त्याला आठवडे लागतात. तीन दिवस औषध घालून हिवाळ्यात रोग बरा झाला असे समजणारा मनुष्य वस्तुतः काहीच न करता बसलेला असतो. प्रतिजैविकांची गोष्ट याहून वाईट. पिशवी उघडताच पाण्यात टेट्रासायक्लिन टाकण्याची सवय काही व्यापाऱ्यांना आहे. त्याने विषाणू मरत नाही, जीवाणू अर्धवट दबतो आणि विलगीकरणाच्या काळात जे दिसायला हवे तेच झाकले जाते.

पेटीबाहेर

वाराणसी हे कुंडांचे नगर आहे. दुर्गाकुंड, लोलार्ककुंड, लक्ष्मीकुंड आणि अशी अनेक. एका जुन्या तलावाचे नावच मत्स्योदरी. तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, जेम्स प्रिन्सेप येथील टांकसाळीत अधिकारी असताना, त्याच्या योजनेनुसार निचरा करून आटवण्यात आला. मछोदरी या मोहल्ल्याच्या नावात तो उरला आहे. अशा नगरात माशांना पिठाच्या गोळ्या घालणे आणि जिवंत मासा पाण्यात सोडून देणे यांत पुण्य मानले जाते, यात नवल नाही. मनूने ओंजळीत आलेला लहान मासा आधी भांड्यात, मग तळ्यात, मग गंगेत आणि अखेर समुद्रात सोडला, ही महाभारतातील कथा सर्वांना परिचित आहे. तो मासा मनूला पाण्यातच मिळाला होता, दुकानातून आणलेला नव्हता, एवढाच काय तो फरक.

शौकीन मनुष्य मोठ्या झालेल्या किंवा आजारी माशाला मारू इच्छित नाही. तो त्याला कुंडात वा गंगेत सोडतो आणि घरी येऊन निश्चिंत होतो. सप्टेंबर २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेत मच्छीमारांच्या हाती एक विचित्र, खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांनी मढलेला मासा लागला. तो दक्षिण अमेरिकेतील सकरमाउथ असल्याचे शास्त्रज्ञांनी ओळखले. काचेवरील शेवाळ खातो म्हणून हाच मासा पेट्यांतून ठेवतात. जाळ्यात अडकला की त्याचे काटे जाळे फाडतात आणि बाजारात त्याला काही किंमत नाही. तो दिसला, कारण तो मोठा आणि विलक्षण होता. त्याच मार्गाने जे न दिसणारे जंतू नदीत गेले असतील त्यांना पकडायला जाळे नाही.

म्हणून सोडायचा मासा दुकानदाराला परत करावा वा दुसऱ्या शौकिनाला द्यावा. मेलेला मासा चुना घालून पुरावा. पिशवीतील पाणी पेटीत कधीही ओतू नये. पिशवी पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवून तापमान सारखे झाले की मासा अलगद काढून घ्यावा आणि ते पाणी एका बादलीत जमा करून त्यात ब्लीचिंग पावडर मिसळावी. तासाभराने मगच ते मोरीत सोडावे, कारण या नगरातील जुन्या मोऱ्यांचे पाणी वरुणा, अस्सी किंवा थेट गंगेला मिळण्याचा संभव असतो. विलगीकरणाच्या टबाची जाळी, नळी व बादली स्वतंत्र असावीत, आणि दिवसाच्या कामात तो टब नेहमी सर्वांत शेवटी हाताळावा. जाळी उन्हात कडकडीत वाळवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. उन्हाळ्यात त्याला येथे एक दुपार पुरते. पौष-माघातील धुक्यात मात्र जाळी दिवसभर बाहेर टांगूनही ओलीच राहते. तेव्हा ती ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून, स्वच्छ पाण्याने धुऊन मगच पुन्हा वापरावी.